कासिल्दा वहिनीची पडलेली खोपी

माझी थोरली वहिनी कासिल्दा हिच्याइतकं मनापासून जळणारं माणूस मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. आणि माझा जन्म गेला फिरत्या नाटकाच्या तंबूत, जिथे एका नटीला मिळालेला फुलांचा गुच्छ दुसरीच्या घशात अडकतो. पण तंबूतला मत्सर रंग पुसला की उतरतो. वहिनीचा उतरत नसे. रात्री राखेखाली झाकून ठेवलेल्या निखाऱ्यासारखा तो सकाळी एका फुंकरीत लाल व्हायचा.

आमचं कोरोहाल म्हणजे क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यावरची अकरा घरं. समोरचा समुद्र इतका उथळ, की कोसभर आत चालत गेलं तरी पाणी कमरेवर येत नाही. पुरुषमाणसं होड्यांतून स्पंज काढायची, बायका ते धुऊन, वाळवून, कातरून ठेवायच्या. दहा घरं वाळूवर होती. अकरावं माझ्या थोरल्या भावाचं, निकानोरचं, मागच्या टेकाडावर. त्या घरामागे त्याची खोपी.

खोपीला भिंती नव्हत्या. नुसतं छप्पर, आढ्यापासून थेट जमिनीला टेकलेलं, ताडाच्या झावळ्यांचं, वेलींनी घट्ट बांधलेलं. खांब माणसाच्या छातीइतके खोल पुरलेले. वाऱ्याला धरायला तिथे काही सापडतच नसे; तो तिच्या पाठीवरून घसरून निघून जायचा. एरवी आत मक्याची कणसं आणि केळीचे घड असत. पण वादळ आलं की सगळं कोरोहाल तिथे येई. खोपी ज्याची, त्यानं कुणालाही परत पाठवायचं नाही, वैऱ्यालासुद्धा नाही, ही आमच्याकडची रीत. आणि कुणी कुठे बसायचं ते घरच्या बाईनं ठरवायचं, हीही रीतच.

ही दुसरी रीत म्हणजे वहिनीचं राज्य. दाराशी उभी राहून ती एकेकाला आत घ्यायची. मधल्या खांबाशी कोरडं आणि सगळ्यांत भक्कम. तिथे बसण्याचा मान तिनं ज्याला दिला, त्याच्याशी पुढच्या वादळापर्यंत गावातली माणसं जरा अदबीनं बोलत. ज्यानं तिच्या कोंबड्यांना दगड मारला असेल तो दाराशी, झडीत. वीस वर्षांत पाच वादळं झाली. पाचही वेळा बाटल्यांतून भरून ठेवलेली कॉफी तिच्या हातची, कसावाच्या कंदाची भाकरी तिच्या हातची, आणि बाहेर जग उडून जात असताना आत कुणी रडायचं नाही हा हुकूमही तिचाच.

मग माझा धाकटा भाऊ फेर्मिन सिएनफुएगोस बंदराहून लग्न करून आला.

रोसाल्बा दिसायला तशी बेताची होती, हे आधी सांगून टाकते, कारण वहिनीनं ते मला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. पण ती हसली की समोरच्याला वाटायचं आपणच काहीतरी छान बोललो. तिचा बाप बंदरात बोटींना वाट दाखवायचा. त्यानं मुलीला आंदण म्हणून हवेचा दाब दाखवणारं एक पितळी यंत्र दिलं होतं, आणि जावयाला सिमेंटचं घर बांधून दिलं. सपाट छत, लोखंडी गज, आणि पुढे स्पंज वाळवायला गुळगुळीत ओटा. फेर्मिनची होडी जिथे ओढून ठेवत, तिथेच, पाण्यापासून चाळीस पावलांवर.

रोसाल्बा विहिरीवर बायकांना वादळ समजावून सांगायची. घमेल्यातलं पाणी हातानं ढवळायची आणि मध्ये पडलेला खळगा दाखवायची. म्हणायची, ऑगस्टमधली वादळं लांबून, आफ्रिकेकडून येतात, पण ऑक्टोबरची आपल्याच दक्षिणेला जन्मतात. उन्हाळाभर तापून तिथला समुद्र कोमट झालेला असतो. वाफ वर चढते, खाली हवा विरळ होते, ती जागा भरायला चहूकडून वारा धावतो, पण सरळ न येता वळसा घेत येतो, घड्याळाच्या काट्याच्या उलटा. कोमट पाणी हेच त्याचं अन्न. जमिनीवर आलं की अन्न तुटतं आणि ते मरतं. बायका माना डोलवायच्या.

वहिनी हेच वीस वर्षं सांगत होती. ती म्हणायची, समुद्राला ताप येतो आणि तो अंगातून घुमत बाहेर पडतो. तेव्हा मात्र कुणी मान डोलवली नव्हती. "घमेलं तर आपल्याकडेही होतं," ती मला म्हणाली, "हात घालायचं सुचलं नाही, एवढंच."

लग्नानंतरच्या चार वर्षांत वहिनीनं काय नाही केलं. सिमेंटच्या घरात राहिलं की छातीत पाणी होतं, असं ती सांगत फिरली. घराखाली बुडालेल्या खलाशांची हाडं आहेत म्हणाली. छताला तडा गेलाय हे तिनं टेकाडावरून पाहिलं म्हणाली, तेव्हा फेर्मिन शिडी लावून वर गेला, आणि खाली उतरून शांतपणे म्हणाला की वहिनी, तो दोरीचा तुकडा होता. दुकानवाली तोमासा, जिच्या जिभेला कधी सुट्टी नसे, तिनं ती दोरी आठवडाभर दुकानाच्या दाराला बांधून ठेवली.

रोसाल्बा मात्र वहिनीला ताई म्हणायची आणि सणाला पेरूचा मुरंबा पाठवायची. वहिनी तो कोंबड्यांना घालायची. कोंबड्या आवडीनं खायच्या, त्याचाही तिला राग.

ऑक्टोबरात आमची कंपनी तंबू गुंडाळून बसते. वादळाच्या महिन्यांत कापडाखाली कोण नाटक बघायला येणार? म्हणून त्या चौथ्या वर्षी मी टेकाडावर होते. वादळाच्या दोन दिवस आधी दक्षिणेकडून लांब, संथ लाटा यायला लागल्या, वारा नसताना. मग खेकडे खारफुटीतून निघून रस्ता ओलांडून टेकाड चढू लागले, शेकड्यांनी. निकानोरनं खोपीवरून दोर टाकले. वहिनीनं चौदा बाटल्या कॉफी केली. मी म्हटलं, एवढी कुणाला? ती म्हणाली, माणसं तेवीस आहेत, मोजून घे.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोसाल्बा स्वतः टेकाड चढून आली. धापा टाकत म्हणाली, यंत्राचा काटा फार खाली गेलाय, सगळे आमच्याकडे येणार आहेत, सिमेंटला काही होत नाही. "ताई, तुम्हीही या. तुमच्यासाठी झुलती खुर्ची ठेवलीय, खिडकीपासून लांब."

वहिनीनं एका बाटलीचं बूच काढून परत घट्ट बसवलं.

"माझी खोपी पडली की येईन," ती म्हणाली.

रोसाल्बा गेल्यावर निकानोरनं एकच गोष्ट काढली, आणि ती खरी होती. म्हणाला, वाऱ्याची काळजी नाही, सिमेंट टिकेल. पाण्याचं काय? तिच्या सिएनफुएगोसला समुद्र खोल आहे, ढकललेलं पाणी खालून परत जातं. इथे खोल पाणीच नाही. इथे ढकललेल्या पाण्याला गावाशिवाय दुसरी जागा नाही.

वहिनी तडक खाली गेली. दारोदार फिरून तिनं सांगितलं की पाणी येईल, वर चला. ती खरं बोलत होती, पण सूर तोच होता, छातीतल्या पाण्याचा आणि खलाशांच्या हाडांचा. तोमासा खिडकीला फळ्या ठोकत होती. ती ठोकायची थांबलीसुद्धा नाही.

"कासिल्दा, दोरी घेऊन जा तुझी. छताला परत तडा गेला तर लागेल."

सगळा रस्ता हसला.

सकाळी वारा सुरू झाला तेव्हा खोपीत आम्ही तिघं होतो, एक शेळी आणि दोन कोंबड्या. वहिनीनं तरी पोती अंथरली होती, तेवीस जणांची. मधल्या खांबाशी कुणी नव्हतं. मी तिथे बसायला गेले तर म्हणाली, "तुझी जागा तिकडे आहे, बेल्कीस." मी तिकडे बसले.

नऊच्या सुमाराला राहत्या घराचं छप्पर गेलं. ते गेल्याचा आवाजही वाऱ्यात ऐकू आला नाही, नुसता फटीतून जास्त उजेड आला. वहिनीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं सगळं लक्ष खालच्या सिमेंटकडे होतं. तिथे आता कॉफी कोण ओततंय, कपबशा कुठल्या काढल्यात, एवारिस्तो म्हाताऱ्याला पाय हलवता येत नाहीत तर त्याला कुठे बसवलंय. मधेच ती म्हणाली, "खुर्चीत बसवलं असेल. माझ्या." खुर्ची आता तिची झाली होती.

निकानोर झावळ्यांच्या फटीला गाल लावून बसला होता. वारा ईशान्येचा होता आणि तीन तास झाले तरी ईशान्येचाच. तो हळूच म्हणाला, हा फिरत नाहीये. वादळ बाजूनं जायचं असतं तर वारा एव्हाना पूर्वेला नाहीतर उत्तरेला सरकला असता. हा फिरत नाही म्हणजे वादळाचा डोळा, मधला शांत खळगा, सरळ आपल्यावर येतोय. आणि डोळा गेल्यावर वारा उलटा, नैऋत्येचा येईल, समुद्राकडून.

बाराला सगळं थांबलं. जणू कुणी हात वर करून वाद्यवृंद गप्प केला. ऊन पडलं. आम्ही बाहेर आलो, आणि समुद्र नव्हता.

ईशान्येच्या वाऱ्यानं तो दूर लोटून नेला होता. कोसभर नुसता चिखल चमकत होता, होड्या आडव्या पडलेल्या. आणि त्या चिखलावर आमची माणसं. शंख, चिंबोऱ्या, तडफडणारे मासे वेचत होती. त्यांना वेड लागलं नव्हतं. वादळानंतर महिनाभर मासा मिळत नाही, आणि डोळ्यात तासभर सवड असते, हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत असतं. तळ उघडा पडला की वेचायला जायचं आणि वारा उलटायच्या आत घरात, असंच आमचे बापजादे करत आले. पण त्यांचं 'घरात' म्हणजे टेकाडावर. गेल्या चार वर्षांत ते आसऱ्याचं घर खाली आलं होतं, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

मधोमध रोसाल्बा होती, पांढऱ्या झग्यात, हातात टोपल्या, ज्याला त्याला वाटत. समुद्राच्या तळावरसुद्धा यजमानीण तीच. वहिनी बघत राहिली. मला आधी तिच्या चेहऱ्यावर तेच दिसलं, रोजचं. मग ते हळूहळू बदललं. ती माणसं मोजत होती.

निकानोर निघाला. तिनं त्याचा दंड धरला. "अहो, तुम्ही नका जाऊ. म्हणतील, बायकोनं धाडला."

"मग कोण जाणार? तुझं तर कुणी ऐकायचंच नाही."

"नाहीच ऐकायचं," ती म्हणाली, आणि मला घेऊन उतरायला लागली.

अर्ध्या वाटेवर तिनं केस सोडले, चिखल उचलून तोंडाला फासला. मी विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, "तुमच्या तंबूत रडतात कसं, ते सांग पटकन." मी सांगितलं की रडू नये, श्वास तोडावा, आवाज खाली घ्यावा, रडायचं काम बघणाऱ्यांवर सोडावं. तिनं त्यातलं काहीच केलं नाही. सिमेंटच्या ओट्यापाशी जाऊन ती उभी राहिली. हाका मारून माणसं जवळ येईपर्यंत थांबली आणि साध्या आवाजात म्हणाली:

"माझी खोपी पडली. निकानोर आढ्याखाली आहे. जड आहे, सगळे या."

चाळीस वर्षं मी लोकांसमोर राण्या मारल्या, मुलं गमावली, विष प्यायले. तसं एक वाक्य मला कधी साधलं नाही. कारण निकानोरचं खोटं होतं, पण पहिले तीन शब्द बोलताना तिचं खरोखरच काहीतरी पडत होतं, आणि ते तिनं जिच्यासमोर पाडलं ती समोरच उभी होती.

मी पाहिलं, वहिनी दुसऱ्या कुणाकडे बघतच नव्हती. ती रोसाल्बाच्या चेहऱ्यावर नजर रोवून उभी होती.

पहिल्याच वाक्याला रोसाल्बाच्या हातातल्या टोपल्या खाली पडल्या. तोंडावर हात ठेवून ती रडायला लागली, मग झटकन रडणं थांबवून तिनं फेर्मिनला सांगितलं की दार काढ, भावजींना उचलून आणायला फळी लागेल. फेर्मिननं पुढचं दार बिजागऱ्यांसकट उखडलं. पुरुष धावत सुटले. तोमासा झग्याच्या ओच्यात मासे घेऊन पळत होती. बायकांनी मुलं काखेला मारली. रोसाल्बा म्हणाली, एवारिस्तोला एकट्याला ठेवायचं नाही, आणि त्या दारावर आधी म्हाताऱ्यालाच झोपवून चौघांनी उचललं. घरात कुणी उरलं नाही. हे वहिनीनं मागायच्या आधीच झालं.

वर पोचलो तर खोपी उभी होती, आणि निकानोर दाराशी हातात कॉफीची बाटली घेऊन.

तोमासाच्या ओच्यातून एकेक मासा गळायला लागला.

"मेला नाही हा," ती म्हणाली. "कासिल्दा, तू जिवंत नवऱ्याबद्दल असं खोटं बोललीस?"

फेर्मिन संतापला होता. एवढी हौस कसली गं, त्यानं विचारलं, लोकांना इथे बसवायची? तो परत फिरलाही. दहा पावलं गेला असेल. मग नैऋत्येकडून आवाज आला. तो वाऱ्याचा नव्हता. फेर्मिन थबकला, आणि टेकाडावरून आम्ही सगळ्यांनी पाहिलं की क्षितिजावरची रेघ जाड झाली आहे.

तेवीस माणसं, एक शेळी, दोन कोंबड्या. वहिनी दाराशी उभी राहून एकेकाला जागा देत होती, घाई असूनही क्रमानं. मधल्या खांबाशी तिनं एवारिस्तोला बसवलं. रोसाल्बाला दाराशी, झडीत.

मला वाटत नाही तिनं पुढचा विचार केला असेल. दाराच्या फटीतून खालचा किनारा दिसतो. रोसाल्बा तिथून आपलं घर बघत होती. पाणी आधी ओट्यावर आलं, मग गजांतून आत, मग छतावरून गेलं. घर पडलं नाही. सिमेंट खरंच चांगलं होतं. ते पाण्याखाली तसंच उभं राहिलं, आणि मग दिसेनासं झालं. वहिनीनं बाटली उघडली, सगळ्यांच्या आधी रोसाल्बाला कॉफी दिली आणि तिला आत सरकायला जागा केली, स्वतःच्या आणि शेळीच्या मध्ये.

संध्याकाळी टेकाड सोडून सगळीकडे पाणी होतं. चार दिवसांनी ते उतरलं. वाळूवरच्या दहा घरांपैकी एकच उभं होतं, आणि त्यात छतापर्यंत चिखल भरलेला.

आता कोरोहाल टेकाडावर आहे. आणि ती गोष्ट गावात कशी सांगतात, ऐका. सांगतात, की रोसाल्बानं दिरासाठी आपल्या घराचं दार उखडून दिलं. की तिनं पांगळ्या एवारिस्तोला मागे सोडू दिलं नाही. ती नसती तर म्हातारा बुडाला असता, हे खरंच आहे. आणि कासिल्दा? हो, तीही होती. नवरा मेला म्हणून खोटं सांगत आली होती. तोमासा तर ते अंगविक्षेपांसकट करून दाखवायची, आणि वाईट करायची नाही.

नवं घर होईपर्यंत रोसाल्बा अकरा महिने वहिनीच्या चुलीवर स्वयंपाक करत होती. भातात काळा घेवडा किती घालावा यावर त्या दोघींचं एकही दिवस पटलं नाही. निकानोर सांगायचा, वादळ परवडलं.

बरीच वर्षं गेली. गुडघे गेल्यावर मी तंबू सोडून कायमची गावी आले. वहिनीची दृष्टी अधू झाली होती, पण रोसाल्बाकडे कोण येतं-जातं हे तिला पावलांवरून कळायचं. एका दुपारी कसावा सोलता सोलता ती म्हणाली:

"बेल्कीस, तुझा हा धंदा. खरं सांग. त्या दिवशी मी तिचं तोंड बघत होते. खोपी पडली म्हटल्यावर क्षणभर, पापणी लवेपर्यंत जरी तिला बरं वाटलं असतं, तरी माझं काम झालं असतं. मग मी तिला मुरंबासुद्धा माफ केला असता. पण ती रडली. निकानोरचं नाव पुरतं ऐकायच्या आधी रडली, खोपीसाठी. ते रडणं खोटं होतं ना?"

तिनं सुरी थांबवली होती. किती वर्षं ती हे विचारायचं ठरवत होती कुणास ठाऊक. मी मनात आणलं असतं तर एका शब्दात तिला सुख देऊ शकले असते, आणि तंबूत आम्ही एकमेकींना असली सुखं रोज देत असू.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "खरं होतं."

तिनं पुढचा कंद उचलला.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मेलीला साधं नाटकसुद्धा करता येत नाही, आणि तरी लोक तिचंच नाव घेतात."